ढकलगाडी

सोमवारी सकाळी ऑफिसच्या बसमध्ये बसल्या बसल्या फोनमधलं प्लॅनर उघडलंत की वर लाल अक्षरात किती कामं दिसतात? खरं सांगा. सात? सतरा? माझ्या ओळखीतल्या एका एचआरवालीच्या फोनवर मागच्या महिन्यात त्रेचाळीस होती. ‘गाडी सर्व्हिसिंग’, ‘आत्याला फोन’, ‘पीएफ ट्रान्स्फर’, ‘डेन्टिस्ट!!!’... त्यातला डेन्टिस्ट बिचारा फेब्रुवारीपासून रांगेत उभा आहे.

मग काय करते ती? सगळी दुनिया करते तेच. एकेका कामावर बोट ठेवायचं, तारखेवर टॅप, ‘उद्या’. पुढचं काम, टॅप, ‘उद्या’. हे जरा जड आहे, याला ‘पुढचा आठवडा’. दहा मिनिटांत लाल रंग गायब, यादी एकदम गोरीगोमटी! आणि मंगळवारी सकाळी अख्खी लाल मंडळी परत दारात हजर.

आता तुम्ही म्हणाल, ही तर चालढकल. पण तसं नाहीये बॉस. ही मुलगी कामाला वाघ आहे. दिवसाला दहा-बारा कामं उडवते. तिचा प्रॉब्लेम वेगळाच आहे. काम करण्याइतकंच काम तिला यादी सांभाळण्याचं पडतं. ज्या वस्तूने डोक्यावरचा भार कमी करायचा, तीच ढकलगाडी झालीय आणि रोज सकाळी धक्का मारल्याशिवाय स्टार्टच होत नाही.

मोबाईल कंपन्यांना आणि अॅपवाल्यांना याची कल्पना आहे. म्हणून टुडुइस्टसारख्या अॅपमध्ये थकलेली सगळी कामं एका फटक्यात पुढे न्यायचं बटण असतं. गूगल कॅलेंडरमध्ये काम बोटाने उचलायचं आणि दुसऱ्या दिवसावर सोडायचं. टॅप कमी झाले, छानच. पण थकवा टॅपचा नसतोच हो! थकवा असतो तो प्रत्येक कामापाशी थांबून ‘मग आता कधी?’ हा प्रश्न स्वतःला विचारण्याचा. त्रेचाळीस कामं म्हणजे सकाळी साडेनऊच्या आत त्रेचाळीस फालतू निर्णय. त्यानंतर बॉसने काही विचारलं तर डोकं जागेवर कसं असणार?

त्यात गंमत अशी की नवी तारीखसुद्धा जुन्या तारखेइतकीच हवेतली असते. १९९४ साली कॅनडातल्या मानसशास्त्रज्ञांनी एक अभ्यास छापला होता. प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांना विचारलं, किती दिवसांत संपवाल? सरासरी उत्तर आलं ३४ दिवस. बरं, सगळंच उलटंसुलटं झालं तर? तर ४९ दिवस. प्रत्यक्षात लागले ५५! म्हणजे वाईटात वाईट अंदाजसुद्धा जास्तच गुलाबी निघाला. तेव्हा ‘डेन्टिस्ट : गुरुवार’ असं तुम्ही लिहिता तेव्हा ती योजना नसते, ती सदिच्छा असते. सदिच्छांना तारखा चिकटवल्या की त्या दर आठवड्याला सोलून परत चिकटवाव्या लागणारच.

यावर एक वेगळाच फंडा मला सापडला तो पुण्या-मुंबईतल्या कुठल्या प्रॉडक्टिव्हिटी वर्कशॉपमध्ये नाही, तर परभणी जिल्ह्यात. (हो, तीच ती ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’वाली परभणी.) हिंजवडीत टेस्टिंग करणारा माझा एक मित्र मूळचा देवगाव फाट्याचा. सेलू तालुक्यातलं हे गाव. जिंतूर, मंठा आणि सेलू अशा तीन दिशांना इथून रस्ते जातात, म्हणून फाटा. हॉटेलं, टपऱ्या, खतांची दुकानं आणि कुठलीतरी गाडी कधीतरी येईल म्हणून शांतपणे उभी असलेली माणसं. पावसाळ्याच्या सुरुवातीला एका लेखाच्या निमित्ताने मी त्या भागात होते आणि मुक्काम त्याच्या घरी होता.

मित्र वीकेंडला जोडून रजा टाकून आला होता. पेरणीच्या कामात वडिलांना मदत करायची म्हणून त्याने फोनवर अख्खा प्लॅन बनवून आणलेला. शनिवारी बियाण्याला औषध चोळायचं, रविवारी पेरणी, पुढच्या अमुक तारखेला कोळपणी, तमुक तारखेला फवारणी, प्रत्येकाला रंग वेगळा. शुक्रवारी रात्री पाऊस झाला. शनिवारी सकाळी अख्खा रंगीत प्लॅन सरकवायला तो ओट्यावर बसला, तर त्याचे वडील म्हणाले, “तारीख टाकून काय करायलास? रान काय तुझा मोबाईल बघून वाळतंय का? वापसा आला की करू की.”

वापसा हा शब्द शहरात फारसा कुणाला माहीत नसतो, म्हणून सांगते. पाऊस पडून गेल्यावर काळी जमीन चिखल होते. त्यात पाय घातला तर पाय अडकतो आणि औत घातलं तर जमिनीची वाट लागते. जास्त दिवस थांबलं तर ओल उडून जाते. या दोन्हींच्या मधली, चिखलही नाही आणि कोरडीही नाही अशी जी स्थिती, ती वापसा. तो कुणाच्या कॅलेंडरवर नसतो. सकाळी शेतात जाऊन माती मुठीत धरून बघायची.

मी काकांना विचारलं, “काका, मग तुमच्या डोक्यात तारखा नसतातच का?”

“असत्यात की,” काका म्हणाले. आणि जेमतेम चार सांगितल्या. पीकविमा भरायची शेवटची तारीख, जी खरिपाला बहुतेक वर्षी ३१ जुलै असते. बँकेचं पीककर्ज नवं-जुनं करायची तारीख. एक लग्न. आणि सोयाबीन पेरायची शेवटची हद्द, १५ जुलै. बाकी सगळं, म्हणजे कोळपणी, खुरपणी, खत, फवारणी, याला तारीखच नाही. त्याला फक्त एक क्रम आणि एक अट. पेरणीनंतर पंधरा-वीस दिवसांनी पहिली कोळपणी, पण वापसा असेल तर. फवारणी करायची, पण वारा पडलेला असेल आणि पावसाची चिन्हं नसतील तर.

विचार करा. यांच्या धंद्याइतकं प्लॅन कोलमडणं आपल्यापैकी कुणाच्या नशिबात असतं? आपला क्लायंट फार तर मीटिंग पुढे ढकलतो. यांचा क्लायंट म्हणजे नैर्ऋत्य मोसमी वारे! तरी रोज सकाळी यादी सरकवण्याचं काम या माणसाला नाही. कारण तारीख दिलेलीच नाही, तर ती चुकणार कशी?

आणि हे नुसतं गावाकडचं शहाणपण म्हणून कौतुकाने सांगत नाही. परभणीला वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ आहे, १९७२ सालचं. हवामान खात्याच्या ग्रामीण कृषी मौसम सेवेत तिथून शेतकऱ्यांसाठी कृषी हवामान सल्ला निघतो. कधी? रोज नाही. मंगळवारी आणि शुक्रवारी. पुढच्या पाच दिवसांचा पावसाचा, तापमानाचा अंदाज आणि त्यानुसार कुठल्या पिकात काय करा, काय थांबवा. म्हणजे अख्ख्या भागाच्या कामांची फेरआखणी आठवड्यातून दोनदा, ठरलेल्या दिवशी. त्यातली भाषाही बघण्यासारखी असते. ‘१० जूनला पेरा’ असं नसतं. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरणी करू नका, असं असतं.

आता हे फोनमध्ये कसं आणायचं? माझ्या मित्राने पुण्याला परतल्यावर जे केलं ते सांगते, कारण ते मला पटलं. त्याने एका रविवारी बसून प्रत्येक कामाला एकच प्रश्न विचारला : ही तारीख चुकली तर माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला फरक पडतो का? दंड बसतो, गाडी सुटते, माणूस वाट बघत थांबतो, असं काही? हो असेल तर तारीख राहील. नाही तर तारीख उडव. सत्तर-पंचाहत्तर कामांतून तारीखवाली उरली नऊ. क्रेडिट कार्डाचं बिल, इन्शुरन्सचा हप्ता, इन्कम टॅक्स रिटर्न (पगारदारांसाठी एरवी ३१ जुलै, २०२५ साली मुदतवाढ मिळाली होती म्हणून दरवर्षी मिळेल असं धरून बसू नका, उशीर झाला तर पाच हजारांपर्यंत फी लागते), गाडीची पीयूसी, असलं सगळं.

बाकीच्यांना त्याने तारखेऐवजी वापसा दिला. याद्यांची नावंच तशी ठेवली. ‘पगार झाल्यावर’. ‘घरी एकटा असताना’. ‘बिल्डची वाट बघताना’. ‘स्टेशनच्या बाजूला गेलो तर’. ‘आई फोनवर असताना’, यात आईला विचारायच्या सगळ्या गोष्टी. डेन्टिस्टसारखं काम ‘दुपारी एक तास मोकळा असताना’मध्ये, पण ते काम ‘डेन्टिस्टकडे जाणे’ असं नाही, तर ‘डेन्टिस्टला फोन करून वेळ घेणे’ असं. वेळ एकदा ठरली की मग तिला खरी तारीख आली, ती कॅलेंडरवर. डेव्हिड अॅलनने २००१ च्या ‘गेटिंग थिंग्ज डन’मध्ये हेच म्हटलंय की कॅलेंडरवर फक्त त्या दिवशी व्हायलाच हवं तेच लिहायचं, बाकीच्यांच्या याद्या वेगळ्या. पुस्तक खपलं खूप. पण अॅप बनवणाऱ्यांनी प्रत्येक कामापुढे तारखेची चौकट ठेवली, आणि चौकट रिकामी दिसली की आपला हात शिवशिवतोच.

सेटिंग्जमध्येही थोडं डोकं घालायला हरकत नाही. काही अॅपमध्ये ‘काम कधी सुरू करायचं’ आणि ‘कधीपर्यंत व्हायलाच हवं’ या दोन वेगळ्या तारखा देता येतात. त्या वेगळ्याच ठेवा. सरकलेली पहिली तारीख म्हणजे काही आभाळ कोसळत नाही. मायक्रोसॉफ्ट टू डूमध्ये ‘माय डे’ नावाचं पान आहे. ते मध्यरात्री आपोआप कोरं होतं, आणि न झालेली कामं गुपचूप आपापल्या यादीत परत जातात. लाल रंग नाही, ओरडा नाही! सकाळी पाच कामं उचलून त्यात टाकायची, एवढंच.

परत परत येणाऱ्या कामांचं तर विचारूच नका. झाडांना खत दर पंधरा दिवसांनी, असं लावलं आणि एकदा पाच दिवस उशीर झाला, तर पुढची वेळ मूळ तारखेपासून मोजायची की खत घातल्या दिवसापासून? खताला दुसरं बरोबर, घरभाड्याला पहिलं. टुडुइस्टमध्ये ‘एव्हरी’ या शब्दाला उद्गारचिन्ह जोडलं की मोजणी काम पूर्ण केल्या दिवसापासून सुरू होते. एवढ्याशा चिन्हाने वर्षभराची ढकलाढकली वाचते, आणि बहुतेकांना ते माहीतच नसतं.

पण काही कामं अशी असतात की त्यांना तारखा लागतातच आणि त्या एकमेकींना बांधलेल्या असतात. लग्न, घर बदलणं, ऑफिसमधलं एखादं लाँच. तिथे मात्र आपल्याकडे पंचांगवाल्यांनी केव्हाच सोय करून ठेवलीय. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा साधारण अकरा दिवसांनी लहान. त्यामुळे सण दरवर्षी मागे मागे सरकतात. गणेश चतुर्थी बघा, २०२३ साली १९ सप्टेंबरला होती, २०२४ ला ७ सप्टेंबरला, २०२५ ला २७ ऑगस्टला. असंच चाललं तर गणपती भर उन्हाळ्यात! मग काय एकेक सण उचलून पुढे ठेवायचा? छे. साधारण साडेबत्तीस महिन्यांनी एक अधिक मास घुसवायचा, की पुढचे सगळे सण एका दमात आपापल्या जागी. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ, आणि गणेश चतुर्थी थेट १४ सप्टेंबरला. हरतालिका आदल्या तिथीलाच, ऋषिपंचमी पुढच्या तिथीलाच. त्यांना वेगळं सरकवावं लागत नाही, कारण त्यांची जागा इंग्रजी तारखेला नाही, एकमेकींना बांधलेली आहे.

माझ्या मावसबहिणीचं लग्न एप्रिल २०२० मध्ये होतं. मार्चअखेरीस लॉकडाऊन लागला आणि लग्न पुढे गेलं, मग अजून एकदा पुढे गेलं. दोन्ही वेळा घरात रडारड झाली, पण यादीची रडारड अजिबात झाली नाही, कारण तिच्या होणाऱ्या नवऱ्याने एक्सेलमध्ये लग्नाची तारीख एकाच चौकटीत ठेवलेली. बाकी प्रत्येक कामापुढे तारीख नाही, सूत्र. पत्रिका छापायला देणे : लग्न वजा ४५. ब्लाऊज शिवायला टाकणे : लग्न वजा ३०. केटररला आकडा कळवणे : लग्न वजा ७. एक्सेलच्या लेखी तारीख म्हणजे आतून एक आकडाच असतो, त्यामुळे वजाबाकी बिनबोभाट होते. वरची एक चौकट बदलली की साठ कामं आपोआप सरकतात. अधिक मासच की तो! पेरणीनंतर वीस दिवसांनी कोळपणी, हेही तेच.

इथपर्यंत वाचून वाटेल की सरकवण्याचा त्रास शून्यावर आणला की झालं. मला नाही तसं वाटत. रायडर कॅरोल नावाच्या अमेरिकन डिझायनरने २०१३ साली बुलेट जर्नल ही वहीवरची पद्धत लोकांपुढे आणली. त्यात महिना संपला की न झालेलं प्रत्येक काम हाताने नव्या पानावर उतरवायचं. कंटाळवाणं आहे, आणि मुद्दामच तसं आहे. ‘गिटार क्लासची चौकशी’ चौथ्यांदा लिहिताना हातच विचारतो, बाई गं, खरंच करायचंय का? फोनमध्ये हा प्रश्न कधी येतच नाही. आता तर एआयवाली कॅलेंडरं आलीत, ती तुम्हाला न विचारताच काम मोकळ्या जागेत सरकवून टाकतात. मीटिंगांच्या भाऊगर्दीत त्यांचा उपयोग होतो, नाही म्हणत नाही. पण गिटार क्लास ती तुम्ही रिटायर होईपर्यंत इमानेइतबारे सरकवत राहतील.

विद्यापीठाचं आपत्कालीन पीक नियोजन या बाबतीत एकदम कडक. पाऊस लांबला तर नुसती पेरणीची तारीख पुढे जात नाही. जुलैचा पहिला आठवडा उलटला की मूग-उडदाचा नाद सोडा, १५ जुलै गेली की सोयाबीनचाही. मग तूर घ्या, सूर्यफूल घ्या. म्हणजे एका हद्दीनंतर काम ढकलायचं नाही, कामच बदलायचं. माझ्या मित्राने स्वतःपुरती हद्द तीनची ठेवलीय. एखादं काम तिसऱ्यांदा सरकवायची वेळ आली की तीनच पर्याय : तिथल्या तिथे पंधरा मिनिटं काढून निदान सुरुवात, किंवा कामाचं रूप बदलणं, किंवा डिलीट. ‘जर्मन शिकणे’ त्याने अशीच डिलीट केली. दोन वर्षं उरावर बसलेली जर्मन एका टॅपमध्ये गेली आणि त्या संध्याकाळी तो म्हणे मस्त झोपला. (परभणीकराने जर्मनी सोडली, यावर आम्ही त्याला अजून छळतो.)

आता वापसा-वापसा करत सगळं गोड होतं, असाही रोमँटिक समज नको. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात असा पाऊस झाला की काढणीला आलेलं सोयाबीन पाण्यात गेलं. तिथे कुठली यादी आणि कुठली फेरआखणी? मित्राच्या घरी त्या महिन्यात क्रमही नव्हता आणि अटही नव्हती, फक्त पंचनामा कधी होतो याची वाट होती. अशा वेळी काका काय करत होते, ते त्याने सांगितलं. खरिपाची कामं डोक्यातून काढून टाकली आणि रब्बीला हरभऱ्याचं बियाणं कुठून आणायचं याच्या मागे लागले.

एक जागा मात्र अशी आहे की तिथे हा फंडा तुमच्या एकट्याच्या हातात नाही. ती म्हणजे ऑफिसचा बोर्ड. जिरावर स्प्रिंट संपला की उरलेली तिकिटं पुढच्या स्प्रिंटमध्ये ढकलली जातात, सगळ्यांदेखत, दर दोन आठवड्यांनी. तिथल्या तारखा तुम्ही उडवू शकत नाही, लीड उडवू देणार नाही. पण स्प्रिंट प्लॅनिंगला एक प्रश्न विचारता येतो, आणि माझ्या मित्राच्या टीममध्ये तो आता रीतसर विचारला जातो : हे तिकीट तिसऱ्यांदा पुढे चाललंय, याला अडलंय काय? पहिल्या वेळी चौदा तिकिटं निघाली. पाच जणू कुणाला नकोच होती, ती बंद केली. सहा दुसऱ्या टीमच्या उत्तरासाठी अडली होती, त्यांच्या तारखा काढून ‘उत्तर आल्यावर’ अशी वेगळी रांग केली, तिच्यावर मंगळवारी आणि शुक्रवारी एकदा नजर टाकतात. उरलेली तीन लीडच्याच नावावर होती.